सोळा तासांचे विमान, तीस तासांची बैठक

मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडे पाहायला अमेरिकेला जाणारे आईवडील हल्ली तालुक्याच्या गावांतूनही निघतात. मेतकूट, लोणचे, गोडा मसाला यांचे वजन चार-चारदा होते. पायांचा विचार मात्र कुणी करीत नाही.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. वाटेत न उतरणारे विमान ते साधारण पंधरा-सोळा तासांत कापते. पण शरीर तिकिटावरून हिशेब करीत नाही. सोलापूरहून निघालेल्या माणसाचे सात-आठ तास मोटारीत जातात, तीन-चार तास विमानतळावरील खुर्चीत, मग विमान, आणि उतरल्यावर मुलाच्या घरापर्यंत पुन्हा गाडी. बैठक तीस तासांच्या घरात गेली! आपली एसटी निदान स्टँडवर थांबते, माणूस उतरून चहा तरी घेतो.

पायांतील अशुद्ध रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. ते तासन्‌तास स्वस्थ राहिले की रक्त साकळते आणि खोल शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. यात दोष एकट्या विमानाचा नाही. १९४० साली लंडनवर बाँब पडत असताना, आसऱ्याच्या जागी रात्रभर खुर्च्यांत बसणाऱ्या लोकांतही असे मृत्यू आढळले होते.

घाबरून तिकीट रद्द करण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले की, चार तासांपेक्षा जास्त प्रवासात हा धोका दुपटीने वाढतो, तरीही तो सुमारे सहा हजारांत एक इतकाच असतो. मात्र पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच गुडघ्याची वा खुब्याची शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, फार स्थूल, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

इतरांनी कडेची जागा मागून घ्यावी, म्हणजे उठताना शेजाऱ्याचा संकोच वाटत नाही. (आपली माणसे संकोचापायी लघवी दाबून बसतात आणि त्यासाठी पाणीही पीत नाहीत, हे दोन्ही वाईट.) तासा-दोन तासांनी चार पावले चालावे, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करावेत. झोपेची गोळी टाळावी. मनाने ॲस्पिरिन घेऊ नये. घट्ट मोजेही डॉक्टरांनी सांगितले तरच, योग्य मापाचे घालावेत. पोहोचल्यावर काही आठवड्यांतही एकच पोटरी सुजली, दुखली किंवा एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, तर मुलांना रजा मिळण्याची वाट न पाहता लगेच इस्पितळ गाठावे.

विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरील डोंगरासारखा असतो, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही विरळ हवा. हृदय किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी आधी तपासून घ्यावे.

मधुमेहींनी इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे. खालच्या सामानात ते गोठू शकते. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा ऋतुमानाप्रमाणे साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे असते. जाताना दिवस तेवढा लांबतो, त्यामुळे इंजेक्शनच्या वेळा बदलतात. त्या डॉक्टरांकडून आठवडाभर आधी कागदावर लिहून घ्याव्यात आणि तो कागद पासपोर्टबरोबरच ठेवावा.