जुनी कॅमारो घेताय? आधी सातबारा पाहा!

मंडळी, १९७४ साली मी डेट्रॉइटला आलो, तेव्हा शेजारच्या मुलाकडे लाल शेव्हरोले कॅमारो होती. तिचा आवाज कानात कायमचा राहिला. निवृत्तीनंतर बचतीतला मोठा हिस्सा मोडून तशीच गाडी घ्यायला निघालो. त्यात जे शिकलो, ते आपल्यातल्या हौशी मंडळींसाठी लिहीत आहे.

पहिल्या पिढीची कॅमारो तीनच मॉडेल-वर्षे निघाली : १९६७, ६८ आणि ६९. वर्ष ओळखणे सोपे आहे. १९६७ च्या दाराला पुढे छोटी तिकोनी काच असते. १९६८ मध्ये ती गेली आणि बाजूचे छोटे दिवे आले. १९६९ मध्ये अंगावरचा पत्राच बदलला. चाकांवरून मागे जाणाऱ्या ठळक रेघा ही तिची खूण.

किंमत मात्र मुख्यतः इंजिनावर ठरते. साध्या गाडीत २३० घनइंचांचे, १४० अश्वशक्तीचे, सहा सिलिंडरचे इंजिन असे. ‘एसएस’मध्ये ३५० किंवा ३९६ घनइंचांचे व्ही-एट. ‘झी-२८’मध्ये ३०२ चे, कारण ट्रान्स-ॲम शर्यतीत सुमारे पाच लिटरची मर्यादा होती. १९६७ मध्ये झी-२८ फक्त ६०२ निघाल्या, तर १९६९ ची झीएल-१ अवघ्या ६९.

मला दाखवलेली गाडी ‘१९६९ ची एसएस-३९६’ होती. रंग झकास, इंजिन दणदणीत. चेक लिहिणार, तोच सौ. म्हणाली, “अहो, गावची जमीन घेताना सातबारा पाहिलात ना? मग हिचा नको?”

गाडीचा सातबारा म्हणजे तिचा क्रमांक. १९६७ ला तो ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असतो, १९६८ पासून पुढच्या काचेतून दिसतो. पहिला अंक १ म्हणजे शेव्हरोले. पुढचे दोन अंक २३ असतील तर गाडी कारखान्यातून सहा सिलिंडरची निघाली. २४ असतील तर व्ही-एट. माझ्या गाडीवर २३ होते! एसएस तर सगळ्या व्ही-एटच. म्हणजे इंजिन आणि बिल्ले मागाहून चढवलेले.

पण २४ दिसले म्हणूनही निश्चिंत राहू नये. कॅमारोच्या क्रमांकात एसएस वा झी-२८ ची नोंदच नसते. त्यासाठी मूळ कागदपत्रे हवीत आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक गाडीशी जुळायला हवा. तो घासून नवा कोरणारे महाभागही असतात, म्हणून जाणकाराला फी देऊन तपासणी करून घ्यावी.

आणखी दोन गोष्टी. विमा ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चा, म्हणजे आधी ठरलेल्या रकमेचा घ्यावा. आणि हौसेची गाडी तोट्यात विकली, तर अमेरिकेत तो तोटा करातून वजा होत नाही. नफ्यावर मात्र कर लागतो.

जिवाचाही हिशोब करा. या गाड्यांत एअरबॅग नाहीत. मागे फक्त कमरेचे पट्टे असतात आणि मुलांच्या बूस्टर सीटला खांद्याचा पट्टा लागतो. तेव्हा नातवंडांना मागे बसवून हायवेवर जाऊ नये.

शेवटी मी १९६८ ची, ३२७ इंजिनाची साधी कॅमारो घेतली. बिल्ला नाही, पण कागद चोख. बचतही बरीच शिल्लक राहिली. पिकनिकला आणीन, तेव्हा क्रमांक वाचून पाहा!