शैवल लेप, खाद्यपदार्थांवरील

फळे, भाज्या व इतर नाशवंत पदार्थ किंवा त्यांची वेष्टने यांवर सागरी शैवलांतून काढलेल्या द्रव्यांचा जो पातळ थर देतात, त्यास शैवल लेप म्हणतात. पदार्थाचे श्वसन, त्यातील पाण्याची घट व सूक्ष्मजंतूंची वाढ मंद करणे हा त्याचा हेतू असतो. लेपाने नासणे टळत नाही, ते लांबते.

इतिहास : लेप देऊन अन्न टिकविण्याची कल्पना जुनी आहे. तूर, मूग इ. कडधान्ये वर्षभर टिकावीत म्हणून त्यांना एरंडेल तेल चोळण्याची रीत हा अशा लेपाचाच घरगुती प्रकार होय. ई. सी. सी. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८८१ मध्ये पिंगल शैवलांतून अल्जिनिक अम्ल मिळविले. लंडन येथील नॉटप्ला या संस्थेला शैवलजन्य वेष्टनांबद्दल २०२२ मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळाला. खाद्यपदार्थांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना आतून प्लॅस्टिकाऐवजी शैवलाचा लेप देणे हे तिच्या उत्पादनांपैकी एक आहे.

घटक : सारगॅसम, टर्बिनेरिया इ. पिंगल शैवलांपासून अल्जिनेटे, तर लाल शैवलांपैकी कॅपाफायकसपासून कॅरागीनन आणि जेलिडिएला व ग्रॅसिलेरिया यांपासून आगर मिळते. ही सर्व बहुशर्करा वर्गातील संयुगे आहेत. पिंगल शैवलांतील फ्लोरोटॅनिने ऑक्सिडीभवनास व काही सूक्ष्मजंतूंच्या वाढीस विरोध करतात. सारगॅसम कोकणाच्या खडकाळ किनाऱ्यावर, विशेषतः रत्नागिरी व मालवण येथे आढळते.

कृती व कार्य : सोडियम अल्जिनेटाचा १ ते २ टक्के विद्राव करून त्यात लवचिकपणासाठी थोडे ग्लिसरॉल मिसळतात. स्वच्छ धुतलेले फळ त्यात बुडवून निथळतात व नंतर कॅल्शियम क्लोराइडाच्या विद्रावात बुडवितात. कॅल्शियमाचे आयन अल्जिनेटाच्या शेजारशेजारच्या साखळ्यांना एकत्र बांधतात आणि पाण्यात न विरघळणारा पातळ पापुद्रा तयार होतो. झाडावरून उतरविलेले फळही श्वसन करीतच असते. पापुद्र्यामुळे ऑक्सिजन आत कमी जातो, कार्बन डाय-ऑक्साइड आत काहीसा साठतो आणि एथिलिनाची निर्मिती मंदावते. परिणामी पिकण्याची क्रिया लांबते.

मराठवाड्यातील उपयुक्तता : नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर परिसर केळीच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. केळे तोडल्यानंतर पिकते आणि पिकताना त्याच्या श्वसनाचा वेग एकाएकी वाढतो. त्याच्या साठवणीस सुमारे १३° ते १४° से. तापमान योग्य असते. त्याहून कमी तापमानात साल काळी पडते. उन्हाळ्यात नांदेडचे तापमान ४०° से.च्या वर जाते. शीतगृह किंवा शीतवाहन हाताशी नसेल, तर उत्पादकाला तोडलेला माल थांबवून धरता येत नाही व त्या दिवशी मिळेल तो भाव घ्यावा लागतो. म्हणून पिकणे काही दिवस लांबविणारा लेप येथे अर्थपूर्ण ठरतो. केळ्याची साल खाल्ली जात नसल्याने लेपाचा चवीशी प्रत्यक्ष संबंध येत नाही. मात्र लेपित फळे पिकविण्यास एथिलिनाची मात्रा व काळ नव्याने ठरवावे लागतात. [⟶ केळ].

लातूर जिल्ह्यातील कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पालेभाजीची पाने नाजूक व एकमेकांना चिकटणारी असल्याने ती विद्रावात बुडविणे गैरसोयीचे असते; अशा मालासाठी वेष्टनाच्या कागदालाच लेप देणे अधिक सोयीचे. लातूरच्या बाजारपेठेतील तूर व इतर डाळींना मात्र या लेपाचा फारसा उपयोग नाही. त्या मुळात कोरड्या असून त्यांचा मुख्य शत्रू कीड हा आहे. पाण्यात विरघळविलेला लेप दिल्यास उलट ओल वाढून बुरशीस वाव मिळेल.

मर्यादा : अल्जिनेटाचा पापुद्रा ऑक्सिजनास चांगला अडवितो, परंतु तो जलस्नेही असल्याने पाण्याची वाफ त्यातून सहज निसटते. कोरड्या हवेत तो ठिसूळ होऊन तडकतो, म्हणून त्यात मेण किंवा वनस्पतिजन्य तेल मिसळतात. लेप फार जाड झाल्यास फळात ऑक्सिजनाविना श्वसन सुरू होऊन मद्यार्कासारखा वास येतो. आधीच सडू लागलेले किंवा ठेचाळलेले फळ लेपाने सुधारत नाही. आगर, अल्जिनेटे व कॅरागीनन ही अन्नात वापरण्यास मान्य द्रव्ये असली, तरी लेपासाठी वापरावयाचे पाणी व भांडी स्वच्छ नसल्यास लेपच दूषणाचे साधन ठरतो. त्यामुळे काळजीपूर्वक तोडणी, सावलीतील हाताळणी व योग्य तापमान यांना लेप पर्याय नसून पूरक होय. [⟶ अन्नपरिरक्षण, शैवले].