आभासी यंत्रांचे कारभारी काय मागतात?

व्हीएमवेअरच्या व्हीसेंटरमध्ये एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर राइट क्लिक केलं की एक लांबलचक मेनू उघडतो. त्यात 'रिमूव्ह फ्रॉम इन्व्हेंटरी' आणि 'डिलीट फ्रॉम डिस्क' अशा दोन ओळी आहेत. पहिलीने मशीन नुसतं यादीतून जातं, फायली जागेवर राहतात. दुसरीने फायलींसकट कायमचं पुसलं जातं. मध्ये 'नक्की ना?' विचारणारी चौकट येते, पण दिवसभर अशा चौकटींना 'हो' म्हणत बसलेल्या हाताला ती कितपत थांबवणार? घरगुती विंडोजला १९९५ पासून रिसायकल बिन आहे. बँकेचा डेटाबेस ज्यावर चालतो त्या व्हर्च्युअल मशीनला मात्र तो नाही.

सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनचा कारभार पाहणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काय हवं, असं अ‍ॅडमिन मंडळींना विचारा. नव्या चमत्कारांची मागणी क्वचितच येते. चमत्कार होऊन गेलेत. एका यंत्रावर अनेक यंत्रं नांदवण्याची युक्ती आयबीएमने १९७२ मध्येच व्हीएम/३७० या रूपात बाजारात आणली होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने ती साध्या इंटेल सर्व्हरवर उतरवली, आणि २००३ मध्ये व्हर्च्युअलसेंटरबरोबर व्हीमोशन आणलं: चालू मशीन, वापरणाऱ्याला पत्ता न लागता, एका होस्टवरून (म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरवरून) दुसऱ्या होस्टवर. २००६ मध्ये डीआरएस आलं आणि क्लस्टर, म्हणजे होस्टांचा समूह, आपला भार आपणच वाटून घेऊ लागला. आज मागण्या आहेत त्या बहुतांशी भीतीतून आलेल्या. चूक मागे घेता येईल का, आत चाललंय ते दिसेल का, आणि उद्या मालक बदलला तर बाहेर पडता येईल का?

मागणी मान्य व्हायला किती वेळ लागतो याचा नमुना म्हणजे व्हीस्फिअर या व्हीएमवेअरच्या मुख्य उत्पादनाचा क्लायंट. जुना विंडोजवरचा क्लायंट सुटसुटीत होता. त्याच्या जागी कंपनीने फ्लॅशवर चालणारा वेब क्लायंट आणला. तो संथ, अडखळणारा, आणि प्लगइन रुसलं की उघडतच नसे. अ‍ॅडमिन वर्षानुवर्षं ओरडत होते. एचटीएमएल-५ वरचा क्लायंट २०१६ मध्ये प्रायोगिक म्हणून बाहेर आला, त्याच वर्षी विंडोज क्लायंटला निरोप दिला गेला, आणि नव्यात सगळ्या सोयी यायला २०१८ चा ऑक्टोबर उजाडला. फ्लॅशचा अधिकृत शेवट ठरलेला होता ३१ डिसेंबर २०२०. म्हणजे बदल झाला, पण ज्याच्यावर जुना वेब क्लायंट उभा होता ती जमीनच खचायच्या जेमतेम दोन वर्षं आधी.

दिसण्याचा प्रश्न याहून खोल आहे. व्हर्च्युअल मशीन काम करायला तयार आहे, पण होस्टचा प्रोसेसर दुसऱ्यांत गुंतलाय म्हणून ताटकळतंय, या वेळेला 'सीपीयू रेडी' म्हणतात. 'सर्व्हर स्लो झालाय' अशी तक्रार आली की जाणकार आधी हाच आकडा पाहतो. व्हीसेंटरचा आलेख तो दाखवतो मिलिसेकंदांत, आणि तोही बेरीज करून. ताज्या आलेखात दर वीस सेकंदांची बेरीज असते, म्हणून २,००० मिलिसेकंद म्हणजे दहा टक्के, काळजीचं कारण. तोच २,००० दिवसभराच्या आलेखात दिसला तर तिथे बेरीज पाच मिनिटांची असते, म्हणून तो एक टक्काही भरत नाही. त्यात मशीनला चार व्हर्च्युअल प्रोसेसर असतील तर चौघांची बेरीज एकत्र येते, मग पुन्हा चाराने भागा. पुढे टक्केवारीतला वेगळा मापक आला खरा, पण जुना आकडा आपल्या जागी ठाण मांडून आहे आणि नवखा त्यालाच फसतो. मागणी काय, तर आलेखाने भागाकार स्वतः करावा. हे करायला कुठलंही संशोधन लागत नाही, म्हणूनच याचा जास्त राग येतो.

स्नॅपशॉटचंही असंच. पॅच मारण्यापूर्वी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती, जपून ठेवायचा, सगळं नीट चाललं की पुसायचा, ही रीत. पुसायचा राहतो. त्यानंतरचा प्रत्येक बदल वेगळ्या फायलीत साठत जातो, ती फुगते, आणि एका रात्री स्टोरेज भरून त्यावरची मशीनं थबकतात. एका साखळीत बत्तीस स्नॅपशॉट चालतात, पण व्हीएमवेअरचा स्वतःचा सल्ला दोन-तीनच ठेवा आणि एकही बहात्तर तासांपेक्षा जास्त ठेवू नका असा आहे. हा सल्ला कागदपत्रांत आहे. स्नॅपशॉट घेण्याच्या चौकटीत नाव विचारतात, वर्णन विचारतात, मेमरी घ्यायची का तेही विचारतात. कधी पुसायचा हे विचारत नाहीत. आकार वाढल्याचा अलार्म लावता येतो, पण तो अ‍ॅडमिनने आपला आपण बनवायचा.

सुरक्षेच्या मागण्या मात्र आता विनंतीच्या सुरात राहिलेल्या नाहीत. २०२३ च्या फेब्रुवारीत ईएसएक्सआयआर्ग्ज या खंडणीखोर सॉफ्टवेअरने, दोन वर्षांपूर्वीच पॅच निघालेल्या एका छिद्रातून शिरून, जगभरचे इंटरनेटवर उघडे पडलेले ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा, मशीनं चालवणारा हायपरव्हायझर) होस्ट कुलूपबंद केले. एक होस्ट पडला की त्यावरची सगळी मशीनं पडतात, हे हल्लेखोरांना पुरतं कळलंय. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जे उघड केलं ते तर वाचवत नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला (कंपनीतल्या वापरकर्त्यांच्या यादीला) जोडलेल्या ईएसएक्सआय होस्टवर 'ईएसएक्स अ‍ॅडमिन्स' नावाच्या गटातल्या कोणालाही आपोआप पूर्ण अधिकार मिळत होते. असा गट मुळात अस्तित्वात नसला तरी चालत असे. डिरेक्टरीत शिरलेल्या चोराने त्या नावाचा गट बनवला की काम झालं. म्हणून आता मागणी अशी आहे की मशीन पुसणं, होस्टचा रूट पासवर्ड बदलणं, अशी कामं एकाच्या हातून होऊच नयेत, दुसऱ्याने मान्यता दिल्यावरच व्हावीत. बॅकअपच्या क्षेत्रात वीमने २०२३ च्या अखेरीस अशी दोघांच्या संमतीची सोय आणली. हायपरव्हायझरच्या कन्सोलमध्ये ती मुळापासूनच असायला हवी होती.

मग आला मालकाचा प्रश्न. व्हीएमवेअरच्या ग्राहकांनी एकदा लायसन्सच्या भांडणात जिंकूनही दाखवलं होतं: २०११ मध्ये व्हीस्फिअर ५ बरोबर मेमरीवर आकारणी करणारं 'व्हीरॅम' आलं, आरडाओरड झाली, आणि पुढच्या वर्षी कंपनीने ते मागे घेतलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने कंपनी ताब्यात घेतल्यावर मात्र ओरडा करून काही हाती लागलं नाही. डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली, पुढे सगळं वर्गणीवर, कोअर मोजून, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान सोळा कोअर धरून. पागडीच्या खोलीत निवांत राहणाऱ्याला एकदम लीव्ह-लायसन्सवर आणावं तसं झालं. जुनं लायसन्स बाद ठरलं नाही, पण त्याचा सपोर्ट विकत मिळेना. फुकटचं ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झालं आणि एप्रिल २०२५ मध्ये गाजावाजा न करता परत आलं.

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांपासून व्हिएन्नापर्यंत सगळ्यांनाच या घडामोडींची झळ किंवा ऊब लागली. व्हिएन्नात बनणारं, केव्हीएम या हायपरव्हायझरवर उभं असलेलं प्रॉक्समॉक्स २००८ पासून आहे. आता त्याच्याकडे व्हीएमवेअर सोडून आलेले अ‍ॅडमिन आपल्या सवयींची गाठोडी घेऊन पोचले. त्यांच्या मागण्यांचा परिणाम ऑगस्ट २०२५ च्या ९.० आवृत्तीत दिसतो. अमुक दोन मशीनं एका होस्टवर नकोत असा नियम आता घालता येतो, आणि सामायिक एलव्हीएम स्टोरेजवर स्नॅपशॉट, निदान प्रायोगिक अवस्थेत, घेता येतो. डीआरएससारखं आपोआप भार वाटणं मात्र त्या आवृत्तीतही नव्हतं. अनेक क्लस्टर एका पडद्यावर दाखवणारं डेटासेंटर मॅनेजर डिसेंबर २०२४ मध्ये चाचणीसाठी बाहेर आलं. झेन या दुसऱ्या हायपरव्हायझरच्या गोटात सिट्रिक्सने २०१७ च्या अखेरीस झेनसर्व्हरच्या फुकट आवृत्तीतल्या सोयी कापल्या, तेव्हा फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या मंडळींनी लोकवर्गणीतून एक्ससीपी-एनजी उभं केलं. हायपर-व्हीबद्दल थोडक्यात: एकाच कामासाठी हायपर-व्ही मॅनेजर, फेलओव्हर क्लस्टर मॅनेजर, सिस्टिम सेंटर आणि विंडोज अ‍ॅडमिन सेंटर अशा चार दारांत फिरवणं बंद करा, एवढं एक मायक्रोसॉफ्टने केलं तरी पुष्कळ.

स्थलांतराच्या या लाटेत प्रत्येकाने व्हीएमवेअरहून मशीन आणण्याची सोय केली. प्रॉक्समॉक्सला आयात विझार्ड आहे, न्यूटानिक्सकडे 'मूव्ह' आहे, झेन ऑर्केस्ट्राकडे आणि रेड हॅटकडे आपापली साधनं आहेत. ती डिस्क आणतात, नेटवर्क जोडतात. कोणाला काय अधिकार आहेत, कोणतं मशीन कोणापासून दूर ठेवायचं, बॅकअप किती वाजता, कोणत्या मशीनला कोणता टॅग, हे सगळं मागेच राहतं आणि हाताने पुन्हा बसवावं लागतं. मशीनसाठी ओव्हीएफ नावाचं सामायिक पाकीट २००९ पासून प्रमाणित आहे. कारभारासाठी तसं काहीच नाही. आज व्हीएमवेअरवर टीका करणाऱ्या या कंपन्यांपैकी एकीच्याही मेनूमध्ये 'सगळ्या नियमांसकट दुसऱ्याकडे न्या' अशी ओळ मला दिसलेली नाही. पुढचा करार करण्याआधी ग्राहकांनी विक्रेत्यासमोर बसून आधी तीच मागावी, किंमत नंतर.