घाटघर ते नारायणगांव : जुन्नर प्रांतांतील प्रेक्षणीय स्थळें

कोणताहि प्रांत पाहावयास निघालेल्या मनुष्यानें आधीं तेथील वाट ओळखावी आणि मग गांवें पाहावींत. गांवें वाटेवर वसतात, वाटेबरोबर वाढतात आणि वाट मोडली कीं ओसरूं लागतात. पुणें जिल्ह्याच्या उत्तर टोकास असलेला जुन्नर तालुका हें याचें ठळक उदाहरण होय. शिवनेरीचें दर्शन आणि दोन अष्टविनायक उरकून एका दिवसांत घरीं परतणारीं शहरांतील कुटुंबें पुष्कळ. परंतु हीं सारीं स्थळें एकमेकांस कशानें जोडलीं आहेत, याचा विचार क्वचितच होतो. त्यांना जोडणारें सूत्र म्हणजे नाणेघाट, आणि त्या सूत्राचें पहिलें टोक म्हणजे घाटघर.

सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर नांवाचीं दोन गांवें आहेत. जेथें पाण्यापासून वीज निर्माण होते तें अकोले तालुक्यांतलें. येथें अभिप्रेत आहे तें जुन्नरच्या पश्चिमेस सुमारें तीस किलोमीटरांवर, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशीं वसलेलें. येथील वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यांत भाताची शेती करावी आणि रानांतला हिरडा गोळा करून विकावा, हा या भागाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा निर्वाह. गांव लहान, पण त्याच्या शिवेवर भारतांतील अत्यंत प्राचीन व्यापारी मार्गांपैकीं एक मार्ग कोंकणांत उतरतो.

हा मार्ग सातवाहन राजांच्या काळीं, म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीं वापरांत होता. सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या व गाढवांच्या पाठीवरून मुरबाडकडील वैशाखरें गांवाजवळून या घाटानें वर चढे आणि जुन्नर, पैठण असा देशांत पसरे. घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आजहि उभा आहे. वाटसरूंकडून घेतलेली जकात त्यांत टाकीत, असें लोक सांगतात, व नाणेघाट हें नांवहि त्यावरूनच पडल्याचें मानितात.

रांजणापासून थोडें खालीं उतरलें म्हणजे कातळांत कोरलेलें चौकोनी लेणें लागतें. तेथें एकें काळीं राजकुळांतील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती नष्ट झाल्या. पावलांच्या खुणा आणि वर कोरलेलीं नांवें तेवढीं उरलीं. त्यांत सिमुक सातवाहन, राजा सातकर्णी आणि राणी नागनिका हीं नांवें आहेत. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत मोठा लेख आहे. त्यांत अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्या प्रसंगीं दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांची गणती केलेली आहे. ही गणती शब्दांनीं नव्हे तर अंकांनीं दिलेली असल्यामुळें या लेखास विशेष महत्त्व आहे. त्या पद्धतींत शून्य नाहीं. दहा, शंभर, हजार यांस निरनिराळीं चिन्हें आहेत. तरीहि आपल्या आजच्या कांहीं अंकांचे पूर्वज येथें डोळ्यांनीं पाहावयास मिळतात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं या अंकांचा अभ्यास केला, आणि १८८३ सालीं जर्मन पंडित ब्यूलर यांनीं संपूर्ण लेख भाषांतरासह प्रसिद्ध केला. भिंतीचे कांहीं भाग झिजून व ढलपे निघून लेखांतील मजकूर मधून मधून कायमचा गेलेला आहे. उरलेलें अक्षर हातानें चोळलें किंवा खडूनें भरलें तर तेंहि टिकणार नाहीं, हें प्रत्येक प्रवाशानें ध्यानांत ठेवावें.

पावसाळ्यांत येथें दुसरें एक नवल दिसतें. कड्यावरून खालीं पडणारें पाणी उलट वर उडतें. त्याचें कारण सरळ आहे. समुद्रावरून येणारा नैर्ऋत्येचा जोरदार वारा उभ्या कड्यावर आदळतो. पुढें जावयास वाट नसल्यानें तो वर उसळतो आणि पडत्या पाण्याचे तुषार आपल्याबरोबर माथ्यावर फेकतो. हें पाहण्यासाठीं अलीकडे फार गर्दी लोटते. परंतु ज्यास लेख पाहावयाचा आहे, त्यानें धुकें सरल्यावर, कार्तिकापासून माघापर्यंत यावें हें उत्तम.

एवढ्या संपन्न वाटेस पहारा हवाच. म्हणून घाटापासून जुन्नरपर्यंत जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी अशी किल्ल्यांची रांग उभी राहिली. चावंडजवळ पूर येथें कुकडेश्वराचें कोरीव दगडी मंदिर आहे व तेथेंच कुकडी नदीचा उगम मानतात. याच नदीच्या कांठानें वाट पूर्वेकडे जुन्नरला पोंचते.

जुन्नर हें या वाटेचें मोठें पेठेचें शहर. भोंवतालच्या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत. तुळजा लेण्यांतील वर्तुळाकार चैत्य, ज्याच्या स्तूपाभोंवतीं बारा खांब आहेत, अवश्य पाहावा. या लेण्यांतील लेखांत धान्याचे व्यापारी, बांबूचें काम करणारे, कांसार यांच्या श्रेणींचीं दानें नमूद आहेत. यवन म्हणजे परदेशी दात्यांचींहि नांवें आहेत. घाटाची मिळकत या दगडांत अशी साठलेली आहे. पुढें मलिक अहमदानें १४९० सालीं बहामनी सत्ता झुगारून निजामशाही स्थापिली, तेव्हां त्याची पहिली राजधानी जुन्नरच होती. कांहीं वर्षांतच ती त्यानें वसविलेल्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, गेली. १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्यांनीं १६५७ सालीं जुन्नरची मोगली पेठ लुटली. पण जन्मस्थान असलेला किल्ला मात्र त्यांच्या हयातींत स्वराज्यांत आला नाहीं. तो १७१६ सालीं शाहू महाराजांच्या काळीं मराठ्यांकडे आला. गडावरील कोळी चौथरा मोगलांविरुद्ध उठलेल्या कोळ्यांच्या शिरच्छेदाची आठवण म्हणून दाखवितात.

जुन्नरहून जवळच लेण्याद्रि आहे. तीनशेंच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर बौद्ध विहारांतच गिरिजात्मज गणपतीचें दर्शन होतें. अष्टविनायकांत लेण्यांत वसलेला हा एकच. दुसरा, विघ्नेश्वर, कुकडीकांठीं ओझर येथें आहे. उत्तरेस ओतूर हें कपर्दिकेश्वराचें व तुकाराम महाराजांचे गुरु बाबाजी चैतन्य यांच्या समाधीचें गांव. आळें येथें ज्ञानेश्वरांनीं वेद बोलविलेल्या रेड्याची समाधि दाखवितात. पुणें-नाशिक रस्त्यावरील नारायणगांव ही तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगांवकर यांनीं या गांवाचें नांव सर्वत्र केलें. त्याच्याच शेजारीं खोडद येथें प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आकाशांतून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. त्यांतल्या चौदा मध्यभागीं व सोळा तीन दूरवर पसरलेल्या शाखांवर आहेत. एकीकडे दोन हजार वर्षांपूर्वींचे अंक, दुसरीकडे विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यांची मोजणी. आणि दोहोंमधील अंतर मोटारीनें दोन तासांच्या आसपास!

मग घाटघर मागें कां पडलें? बोरघाटांतून १८३० सालीं गाड्यांचा रस्ता व १८६३ सालीं आगगाडी गेली. थळघाटांतून १८६५ सालीं आगगाडी गेली. माल चाकांवर चढला आणि पायऱ्यांचा नाणेघाट मुका झाला. वाटेवरील पेठ जुन्नरला शेतीच्या व तालुक्याच्या आधारानें उरली. घाटमाथ्यास तो आधार नव्हता. जवळच्याच आंबेगांव तालुक्यांत तर डिंभें धरणाच्या जलाशयाखालीं ज्या गांवावरून तालुक्यास नांव मिळालें तें जुनें आंबेगांवच गेलें. डोंगराच्या पोटांतलें पाणी खालच्या बागायतीस मिळालें. डोंगरावरच्या माणसास मिळालें तें थोडें.

आतां लोक पुन्हा घाटमाथ्यावर येऊं लागले आहेत. २०१८ सालीं राज्य सरकारनें जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून घोषित केलें. परंतु आलेला पाहुणा शिदोरी शहरांतून आणील, कचरा माथ्यावर टाकील आणि सायंकाळीं निघून जाईल, तर घाटघरास त्याचा उपयोग काय? पूर्वीं येथून जाणारा प्रत्येक वाटसरू कांहीं तरी देऊन जात असे. आजच्या प्रवाशानेंहि गांवांत एक रात्र मुक्काम करावा, तेथल्या घरीं भाकरी खावी, तेथलाच वाटाड्या घ्यावा, तेथला तांदूळ विकत घ्यावा. अशा चार घरांस वाटेचें उत्पन्न सुरू झालें, तर तींच घरें लेण्यांतील अक्षरांवर लक्ष ठेवतील; आणि जो लेख दोन हजार वर्षें दगडानें जपला, तो पुढें जपावयास माणसेंहि मिळतील.