वाटीचे माप, किलोचे वजन

तांदूळ घरात येतो तो किलोने. चुलीवर चढतो तो मात्र वाटीने. सोलापूरजवळच्या कुंभारीत पुष्कळ घरे विड्यांच्या मजुरीवर चालतात. तिथे हा हिशेब चुकून भागत नाही.

पूर्वी दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली असे. 1956 च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली. पण माप जागा मोजते, वजन भार. लिटरभर पाणी किलोभर भरते. तेवढाच तांदूळ भरतो सुमारे 800 ग्रॅम, कारण दाण्यांमधे पोकळी राहते. पोहे तर त्याहून कितीतरी हलके!

म्हणजे 200 मिलिलिटरच्या सपाट वाटीत तांदूळ सुमारे 160 ग्रॅम. 5 किलोत अशा 31 वाट्या. रोज एक घेतली की महिना निभतो. तीच वाटी शिगोशीग भरून 200 ग्रॅम घेतली, तर 25 दिवसांतच डबा रिकामा!

तेव्हा एवढे करा. आपल्या नेहमीच्या वाटीतला सपाट तांदूळ एकदा वाण्याच्या काट्यावर तोलून घ्या नि आकडा डब्यावर लिहा. तांदूळ बदलला की पुन्हा तोला.