झाकलेली खिरापत

रात्री गुपचूप येऊन मुलांसाठी भेटवस्तू ठेवून जाणाऱ्या पाहुण्यांची परंपरा युरोपात जुनी आहे. चौथ्या शतकातील मायरा येथील बिशप निकोलस याच्याविषयीची आख्यायिका अशी की, हुंड्यावाचून लग्ने अडलेल्या तीन बहिणींच्या घरात त्याने अंधारातून सोन्याच्या थैल्या टाकल्या आणि आपले नाव मात्र कळू दिले नाही. पुढे त्याचाच सांताक्लॉज झाला. इटलीत 5 जानेवारीच्या रात्री झाडूवर बसून येणारी बेफाना ही म्हातारी तर गुणी मुलांना खाऊ आणि खोडकरांना कोळसा देऊन जाते. दाता अदृश्य राहावा, हा या मंडळींचा दस्तूर.

खानदेशात, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या मुलखात, ही वहिवाट गुलाबाईच्या उत्सवात नेमकी उलटी होते. भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई आणि गुलोजी, अर्थात पार्वती आणि शंकर, यांच्या मातीच्या मूर्ती मांडल्या की कोजागरीपर्यंत मुली संध्याकाळी टिपऱ्या घेऊन घरोघर जमतात, सासरचा जाच आणि माहेरची ओढ गाण्यांतून आळवतात, आणि गाणी सरली की घरची बाई खिरापतीचा झाकलेला डबा पुढे आणते. देणारी समोर उभी असते. तिचा स्वभाव, तिच्या घरची ऐपत, एवढेच नव्हे तर तिच्या हाताची चवही मुलींना पाठ असते. गुप्त असतो तो केवळ जिन्नस.

"डबामा काय शे?" असा सवाल होताच तर्कांची झुंबड उडते. गोड की तिखट, एवढा कबुलीजबाब आधी घेतला जातो. डबा हलवला तर फुटाणे खडखडतात, शेव सळसळते. केळ्याचे काप मात्र, केळ्यांच्याच या मुलखात, काही केल्या दाद देत नाहीत, आणि एखादी कसबी गृहिणी डब्यात फडक्याची घडी घालून साराच पुरावा नष्ट करते. ओळखता आले नाही तरी खिरापत मिळतेच, आणि खोडकर मुलीच्या वाट्याला येथे कोळसा नाही. वर्तणुकीचा हिशेब ठेवणाऱ्या बेफानापेक्षा ही बिनहिशेबी शेजारीण मला अधिक थोर वाटते.

अलीकडे जळगावात भुलाबाई, म्हणजे याच गुलाबाईच्या, महोत्सवाच्या निमित्ताने शाळाशाळांचे संघ मंचावर हीच गाणी सादर करतात. गाणी मंचावर शोभतात, याबद्दल तक्रार नाही. परंतु कुणाच्या घरी आज काय शिजले असेल, हे ज्या मुलींना वासावरून सांगता येते, त्यांचा खेळ परीक्षकांसमोर कसा रंगावा?