वजन उतरविणारी औषधे आणि आपले डोळे

दिल्लीच्या करोल बागेत लग्नसराईच्या दिवसांत संध्याकाळी फेरफटका मारला, तर एक दृश्य हटकून दिसते. अजमल खाँ मार्गावरील एखाद्या कापडाच्या दुकानात आई, मुलगी आणि मावशी अशा तिघी बसलेल्या असतात, समोर घागऱ्यांचा ढीग पडलेला असतो, आणि माप घेणारा कारागीर फीत गुंडाळीत विचारतो, "लग्नापर्यंत कंबर एवढीच राहील ना?" प्रश्न त्याच्या धंद्याचा आहे. हल्ली लग्नाआधी दोन-चार महिन्यांत वजन उतरविण्याची हौस वाढली आहे, आणि त्यासाठी उपास-व्यायामाऐवजी आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीत टोचून घ्यावयाच्या सुईकडे पुष्कळांचे लक्ष लागले आहे.

हा रस्ता ज्यांच्या नावाचा, ते हकीम अजमल खाँ स्वतः नामांकित वैद्य होते. त्यांनी उभारलेल्या आयुर्वेद व युनानी तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन १९२१ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी याच वस्तीत केले. येथून जवळच्या सराफ बाजाराच्या गल्ल्यांतून विटा, खानापूर, आटपाडीकडची मराठी कुटुंबे सोने गाळण्याचा धंदा करीत आली आहेत. मुशीतल्या रसाच्या रंगावरून कस ओळखणाऱ्या या मंडळींना डोळ्यांची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

समजा, अशाच एका घरात पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू आहेत. मधुमेह आहे, रक्तदाब थोडा चढता आहे, अंगही भरलेले आहे. मुलीच्या लग्नाला चार महिने उरले असता भाच्याने कोठूनशी सुई आणून दिली, आणि ती कशी टोचावी हे शेजारच्या वहिनींनी दाखविले. भूक मंदावली, वजन उतरू लागले, घरात कौतुक झाले. मग एके दिवशी सकाळी काकू जाग्या झाल्या, तो डाव्या डोळ्यासमोर खालच्या बाजूस करडा पडदा ओढल्यासारखे वाटले. दुखत नव्हते, डोळा लालही नव्हता. काकूंनी तोंड धुतले, चष्मा पुसला आणि 'नंबर वाढला असेल' म्हणून गोष्ट मनातच ठेवली. घरात कार्य असताना आपले दुखणे कोण काढतो! डॉक्टरांकडे त्या गेल्या पाचव्या दिवशी.

या काकू आम्ही कल्पिलेल्या आहेत. त्यांचा आजार मात्र कल्पित नाही.

डोळ्यामागून मेंदूकडे जाणारी जी दृष्टीची नस, तिच्या तोंडाशी रक्त पोचविणाऱ्या रोहिण्या अतिशय बारीक असतात. त्यांतील प्रवाह एकाएकी उणा पडला की नसेचे तोंड सुजते. आणि नस ज्या छिद्रातून बाहेर पडते ते अरुंद असल्यामुळे सुजलेले तंतू आपसांतच चेपले जातात. डॉक्टर इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'एन. ए. आय. ओ. एन.' म्हणतात, आपण दृष्टीच्या नसेचा झटका म्हणू. तो बहुधा झोपेतून उठताना लक्षात येतो, बहुधा एकाच डोळ्यास येतो, आणि दुखत नाही हेच त्याचे फसवे लक्षण. पन्नाशीपुढील वय, मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकण्याचा विकार किंवा जन्मतःच दाटीवाटीचे असलेले नसेचे तोंड, ही त्याची जुनी कारणे. गेलेली दृष्टी परत आणील असा सिद्ध झालेला उपाय वैद्यकापाशी नाही. आणि एका डोळ्यास झटका आलेल्या रुग्णांपैकी सुमारे १५ टक्क्यांच्या दुसऱ्या डोळ्यासही पाच वर्षांत तो येतो, असे अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत आढळले आहे.

या झटक्याचा आणि सुईचा संबंध प्रथम ठळकपणे मांडला गेला तो जुलै २०२४ मध्ये. बॉस्टन येथील 'मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर' या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी आपल्याकडील नोंदी तपासल्या, तेव्हा सेमाग्लूटाइड हे औषध घेणाऱ्या मधुमेही रुग्णांत हा झटका चौपटीहून अधिक, आणि वजनासाठी घेणाऱ्यांत सातपटीहून अधिक दिसला. अर्थात्, ते रुग्णालयच डोळ्यांच्या नसांच्या विकारांचे. तेथे असेच रुग्ण यावयाचे. पुढे झालेल्या मोठ्या पाहण्यांत हे प्रमाण दुपटीच्या आसपास उतरले. जून २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने निर्वाळा दिला की, हा झटका सेमाग्लूटाइडचा अतिविरळ दुष्परिणाम आहे. घेणाऱ्या दहा हजारांत फार तर एकास तो होऊ शकतो. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही सर्व देशांना सावध केले.

दहा हजारांत एक! हा आकडा वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि तो हसण्यावारी नेण्याचेही नाही. या औषधाचे उपकार खरे आहेत. हृदयविकार असलेल्या १७,६०४ स्थूल व्यक्तींवर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व हृदयविकाराने येणारे मृत्यू यांत सेमाग्लूटाइडमुळे २० टक्के घट झाली. ज्याला रोग आहे त्याने डॉक्टरांच्या नजरेखाली हा अल्प धोका पत्करणे शहाणपणाचे ठरू शकेल. दोन इंच कंबरेसाठी तो पत्करावा काय, हा प्रश्न मात्र ज्याचा त्याने विचारावयाचा आहे.

आपल्या देशात सेमाग्लूटाइडची 'रायबेल्सस' ही गोळी २०२२ मध्ये, वजनासाठीची 'वेगोव्ही' ही सुई जून २०२५ मध्ये आणि 'ओझेम्पिक' त्याच वर्षीच्या डिसेंबरात आली. वेगोव्ही आली तेव्हा सर्वांत लहान मात्रेचाही महिन्याचा खर्च सतरा हजार रुपयांच्या वर होता. मार्च २०२६ मध्ये येथील पेटंटाची मुदत संपली आणि भारतीय कंपन्यांना हे औषध बनवून विकण्याची वाट मोकळी झाली. 'मौंजारो' या नावाचे टिर्झेपटाइड हे औषध याच कुळातले, पण निराळे. युरोपीय समितीचा वरील निर्वाळा सेमाग्लूटाइडपुरता आहे.

सडपातळ होण्याच्या औषधाने डोळ्यांवर घाला घालावा, हे प्रथमच घडत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार डायनायट्रोफेनॉल या रसायनामुळे वाळत चालले होते. १९३३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तेच रसायन वजन उतरविण्यासाठी वापरून पाहिले, आणि पाहता पाहता ते दुकानोदुकानी विकले जाऊ लागले. १९३५ पासून तरुण स्त्रियांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसू लागले. तेथील १९०६ च्या कायद्यात विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता तपासण्याची तरतूदच नव्हती. ती १९३८ च्या नव्या कायद्याने आली. तोवर ज्यांचे डोळे गेले, त्यांच्या हाती फारसे काही नव्हते.

आपल्याकडे आज तशी स्थिती नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यास जोडलेल्या रोगांच्या यादीत अंधत्व आणि लठ्ठपणा हे दोन्ही शब्द आहेत. म्हणजे या रोगांवर हमखास गुण देणाऱ्या औषधांची जनतेपुढे जाहिरात करणे गुन्हा आहे. जुलै २०२५ मध्ये वजन उतरविणाऱ्या या औषधांच्या परवानगीविरुद्ध एक लोकहिताचा अर्ज दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने तज्ज्ञांशी विचारविनिमय करून तीन महिन्यांत निर्णय घेण्यास औषध महानियंत्रकांना सांगितले. पण ज्याची दृष्टी गेली त्या एकट्या माणसाने काय करावे?

प्रथम डॉक्टर, मग वकील. दृष्टी एकाएकी मंदावली तर त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्र केंद्र आहे, दरियागंजात डॉ. श्रॉफ यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. नसेच्या झटक्यावर उपाय नसला तरी पडदा सुटणे किंवा रोहिणीचा दाह अशा, वरवर तशाच भासणाऱ्या काही विकारांवर वेळेत गेल्यास उपाय आहे, आणि कोणता विकार कोणता हे घरी बसून कळत नाही. सुई घेत असल्याचे डॉक्टरांपासून लपवू नये. पुष्कळ बायका ते लाजेने सांगत नाहीत, आणि मग निदानाच्या कागदावर औषधाचे नावच उमटत नाही. नसेचा झटका ठरला तर सेमाग्लूटाइड बंद करावे, असे युरोपीय समितीचे सांगणे आहे. मधुमेहासाठी दुसरे काय घ्यावे ते डॉक्टर ठरवतील.

आता कायदा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे शरीरास इजा झाली तर उत्पादकाकडून भरपाई मागण्याचा हक्क दिला आहे. योग्य वापराच्या सूचना अथवा धोक्याचा इशारा पुरेसा न देणे हाही त्यात दोषच मानला आहे. मात्र कलम ८७ वाचताना काकूंची आठवण होऊन आम्ही थबकलो. जी वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावयाची, तिच्या बाबतीत उत्पादकाने त्या तज्ज्ञास वाजवी मार्गाने इशारा पोचविला असेल तर तो सुटतो, असे हे कलम म्हणते. म्हणजे इशारा डॉक्टरांच्या हाती येतो, आणि डॉक्टरांनी तो रुग्णाच्या कानी घालावयाचा असतो. काकूंच्या गोष्टीत डॉक्टरच नाहीत! इतकेच नव्हे, वैद्यकाने लिहून न दिलेल्या औषधाच्या अमलाखाली असलेल्या तक्रारदाराविरुद्धही याच कलमात बचाव ठेवला आहे. प्रतिपक्षाचा वकील त्याचा आधार घेतल्यावाचून राहणार नाही.

डॉक्टरांनी लिहून दिले असते, तर निराळी वाट होती. पैसे घेऊन केलेला वैद्यकीय उपचार ही ग्राहकसेवा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये भारतीय वैद्यक संघ विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरविले. २००८ मध्ये, दिल्लीतीलच समीरा कोहली यांच्या खटल्यात, रुग्णाची संमती पुरेशा माहितीवर आधारलेली हवी, असेही न्यायालय म्हणाले. पण त्याच निकालात, फार दूरचे धोके सांगून रुग्णास घाबरविण्याची गरज नाही, असेही म्हटले आहे. दहा हजारांत एक हा धोका दूरचा की जवळचा? ज्या रुग्णाचा एक डोळा आधीच अधू आहे, त्याच्यासाठी तो दूरचा कसा म्हणावा? असे वाद आयोगापुढे रंगतील. शिवाय काकूंना मधुमेह होता. तेव्हा झटका मधुमेहाने आला, औषधाने नव्हे, असे कंपनी म्हणेलच. पहिली सुई घेण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याचा आतला भाग तपासून घेतल्याचा कागद असेल, तर या उत्तराला थोडे तरी तोंड देता येते. मधुमेह्याने ही तपासणी एरवीही वर्षास करावयाची असतेच.

म्हणून चिठ्ठी, पावती आणि औषधाची डबी ही फेकू नयेत. डबीवर उत्पादनगटाचा क्रमांक असतो; त्यावाचून ते औषध कोणत्या कारखान्यातले हेच सिद्ध होत नाही. बनावट सेमाग्लूटाइडविषयी जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्येच इशारा दिला होता. डबीतील घडीचा कागद बहुधा इंग्रजीत व इतक्या बारीक टाइपात असतो की, डोळे धडधाकट असलेल्यालाही भिंग घ्यावे लागते. भाषांतराचा धंदा करणाऱ्या आम्हांला त्याचा राग येतो. पण तो कागद जपून ठेवावा, कारण इशारा होता की नव्हता याचा पहिला साक्षीदार तोच. उपचाराची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णास देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते; सुई करोल बागेत घेतली आणि घर सांगलीस वा इंदुरास असले तरी दिल्लीस खेटे घालावे लागत नाहीत. भरपाई कितीही मागितली, तरी आयोग ठरतो तो औषधासाठी मोजलेल्या रकमेवरून. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. वर्षभराच्या सुयाही या मर्यादेत बसतात. वकील सक्तीचा नाही. हवा असल्यास स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. त्यासाठी १५१०० आणि ग्राहकांच्या प्रश्नांसाठी १९१५ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

अमेरिकेत असे दावे डिसेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात एकत्र आणण्यात आले. तेथील निकाल आपल्या आयोगांवर बंधनकारक नसतो, परंतु कंपनीला धोका केव्हा कळला याविषयीचे कागद अशा खटल्यांत बाहेर येतात आणि ते इतरत्रही उपयोगी पडतात. आपल्याकडील अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची आशा मात्र बेताचीच ठेवावी. दुसरा डोळा शाबूत असेल, तर सवलतींसाठी लागणारी चाळीस टक्क्यांची पायरी सहसा गाठली जात नाही.

ज्यांना दावा लावावयाचा नाही, त्यांनीही एक काम करावे. औषधांच्या दुष्परिणामांची देशभरची नोंद दिल्लीशेजारच्या गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात ठेवली जाते. ही नोंद केवळ डॉक्टरांनी करावयाची नसून रुग्ण वा त्याचे नातलगही करू शकतात. त्यासाठीचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे, आणि १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फोन करण्यास पैसे पडत नाहीत. फोन करताना डबी हाताशी ठेवावी. उत्पादनगटाचा क्रमांक तेथेही विचारतात.